छटाक, अदपाव, पावशेर

गावाचं नाव सूर.
इथे येऊन एकोणीस वर्षं झाली
आणि मी अजून बेसूरच.

समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात
मी व्हॉल्व्ह सांभाळतो,
खरं म्हणजे व्हॉल्व्हकडे जाणारी तार.
वर कंट्रोल रूममध्ये पडद्यावर आकडा बसतो : पन्नास, एकावन्न.
व्हॉल्व्हला आकडा कळत नाही,
त्याला कळतो फक्त रेटा, कमी की जास्त.
दोघांच्या मध्ये पंज्याएवढं एक कार्ड.
ते आकडा घेतं
आणि वीज देतं, तोलून.

"तोलून म्हणजे?" मझूननं विचारलं.
ती नवी. बुटांवरची धूळसुद्धा नवी.

मग मी तिला मंगळवेढ्यातलं दुकान सांगितलं,
मोडक्या इंग्रजीत, उरलेलं हातांनी.
गल्ल्याखाली एक पेटी होती,
किलो आल्यावर घरी बसवलेली लोखंडी वजनं तिच्यात :
शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक.
प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं.
पाचच, पण छटाकभर जिऱ्यापासून
दोन शेराला छटाक कमी असलेल्या गुळापर्यंत
बापू काहीही तोलायचे म्हणे.
प्रत्येक वजनाला एकच प्रश्न :
पारड्यात, की पेटीत?
कार्डातही हेच, फक्त वजनं बारा.
एक म्हणजे ठेव, शून्य म्हणजे उचल,
आणि तारेतून जाते ती बेरीज.

"मग चौदा नंबर का दचकतो?"

दचकायचा खरा. रोज रात्री, बरोबर अर्ध्यावर,
पाइप अंगात आल्यासारखा हलायचा.
मी म्हटलं, पंधरा छटाक गूळ पारड्यात आहे समज.
गिऱ्हाईक म्हणतं, जाऊ दे, पुरता शेर करा.
वाढलं ते छटाकभरच,
पण त्यासाठी चार वजनं उचलायची, पाचवं ठेवायचं,
आणि हात एवढासा मागेपुढे झाला
की पारडं धाडकन जमिनीला, नाहीतर आभाळात.

ती हसली. स्कोप लावला तिनंच,
आणि पकडला तिनंच :
रेघेच्या ऐन मध्यावर
उभा एक खिळा.

कार्ड बदललं.
नव्याचीही रेघ सरळ नसते, जवळून बघितलं तर पायऱ्याच.
त्या घासायचं काम कपॅसिटरचं.
खाडीच्या काठाला अजून गलबतं बांधतात,
तिथला म्हातारा सुतार फळीच्या कडेवर रंधा फिरवतो,
डोळे मिटून, अंगठ्यानं चाचपत,
तसं.

दुपारी चौदा नंबर पूर्ण बंद होता. मीटर चार दाखवत होतं.
"बंद आहे तर शून्य का नाही?"
शून्य म्हणजे तार तुटली, मुली.
चार म्हणजे तार शाबूत आहे, मी आहे इथे,
सांगण्यासारखं काही नाही, एवढंच.
हे मी पुस्तकात वाचलं होतं तेव्हा
फक्त पाठ केलं होतं.

शुक्रवारी बापूंना फोन.
ब्याण्णव चालू आहे. कानात यंत्र.
माझं "हॅलो" इथे फुटून आकडे होतं,
समुद्र ओलांडतं, तिथे फोनमध्ये पुन्हा आवाज होतं,
यंत्रात शिरून पुन्हा आकडे,
आणि शेवटच्या बोटभर अंतरात
पुन्हा आवाज.
एवढ्या वेळा मोडून जोडलेला मुलगा
त्यांना कसा ऐकू येत असेल, कोण जाणे.

"बापू?"

पलीकडे श्वास. पंख्याची कुरकुर.
कुणीतरी ओट्यावर भांडं ठेवलं.
चार.
अजून चार.

मग बऱ्याच वेळानं, दर शुक्रवारचंच :
"पाणी गोडं होतंय का रे?"